पाच-सात प्रकाशकणांचा हिशेब : सेलिग हेक्ट

अमावास्येच्या रात्री मंद चांदणी थेट पाहू गेल्यास हरवते. नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा उमटते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी अंधारात काम करणाऱ्या दंडपेशीच नसतात. त्या कडेला दाटीने असतात. त्यांना जाग येण्यास किती प्रकाश लागतो, याचा हिशेब सेलिग हेक्ट यांनी मांडला.

सायलेशियातील ग्लोगाऊ येथे १८९२ मध्ये जन्मलेले हेक्ट बालपणीच कुटुंबासह न्यूयॉर्कला आले. हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन ते ओमाहा येथे अध्यापन करू लागले. तिसऱ्यांच्या जातकुळीतला एक शिंपला प्रकाश पडताच आपली नळी आत ओढतो; त्याच्या या हालचाली मोजता मोजता ते मानवी डोळ्यापर्यंत पोहोचले. १९२६ पासून त्यांची प्रयोगशाळा कोलंबिया विद्यापीठात होती. पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज वॉल्ड त्यांचेच विद्यार्थी.

श्लेअर आणि पिरेन यांच्यासह केलेला त्यांचा प्रयोग १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षक अर्धा तास काळोखात बसे. मग नजरेच्या कडेला, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती, हिरवट प्रकाशाची ठिणगी चमके. स्वतः हेक्टही निरीक्षक होतेच. ठिणगी जाणवण्यास डोळ्यापाशी ५४ ते १४८ प्रकाशकण पुरत. त्यांतले निम्म्याहून अधिक वाटेतच हरपत, दंडपेशी शोषून घेत ते जेमतेम ५ ते १४. हे मोजके कण सुमारे ५०० पेशींवर विखुरलेले; एकाच पेशीवर दोन पडण्याचा संभव अगदी थोडा. म्हणजे एका पेशीला एक कण पुरतो! दृष्टिपटल मात्र एकट्या पेशीच्या साक्षीवर विसंबत नाही. अनेक पेशींचे संकेत एकवटले तरच माणूस ‘दिसले’ म्हणतो.

तीच ठिणगी कधी दिसे, कधी नाही. यात निरीक्षकाचा दोष थोडा. प्रकाशकणांची संख्याच दर खेपेस कमीअधिक होते, हे त्यांनी दाखवले. मला त्यांच्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. या चढउताराच्या गणितानेही उत्तर ५ ते ८ कणांचेच दिले.

युद्धकाळात सैनिकांच्या रात्रदृष्टीसाठी झटलेले हेक्ट १९४७ मध्ये, अवघ्या ५५व्या वर्षी निवर्तले. १९७९ मध्ये भेकाच्या एकेका दंडपेशीचा विद्युतप्रवाह मोजला गेला, तेव्हा एकाच प्रकाशकणाचा ठोका यंत्रावर स्पष्ट उमटला. हेक्ट यांना जाऊन तेव्हा ३२ वर्षे झाली होती.