यंत्रांना वाट पाहायला शिकविणारा गणिती

कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र असो वा रुग्णालयातील मॉनिटर, त्यातील छोटा संगणक एकाच वेळी अनेक कामे सांभाळतो. बाहेरून येणाऱ्या माहितीसाठी एक काम खोळंबले, तरी बाकीची थांबून चालत नाहीत. या व्यवस्थेमागील विचाराचा पाया घातला तो डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी.

११ मे १९३० रोजी रोटरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितज्ञ. लायडन येथे शिकत असतानाच १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. हा व्यवसाय इतका अपरिचित होता, की १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी तो मान्यच झाला नाही. कागदोपत्री ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ ठरले!

'एक्स-१' संगणकावर काम करताना त्यांच्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. टाइपरायटरसारखी उपकरणे संगणकाच्या मानाने अतिशय मंद. त्यांची वाट पाहण्यात वेळ दवडू नये म्हणून उपकरणाने स्वतःच संगणकाला हाक मारावी, अशी 'इंटरप्ट'ची सोय करण्यात आली. मात्र, ही हाक केव्हा येईल याचा नेम नव्हता. त्यामुळे एकदा घडलेली चूक तपासणीसाठी पुन्हा घडवून आणणे दुरापास्त होते. या शक्यतेने डायक्स्ट्रा धास्तावले. १९५९ मधील त्यांचा प्रबंध याच कामावर आधारित होता.

१९६२ मध्ये ते आइंडहोवेन येथे प्राध्यापक झाले. तेथील काळात त्यांनी रेल्वे सिग्नलच्या धर्तीवर 'सेमाफोर'ची कल्पना विकसित केली. सेमाफोर म्हणजे एक राखीव अंक. तो शून्य असेल, तर माहिती मागणारे काम झोपी जाते आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळतो. सीरियल तारेवरून अक्षर आले, की इंटरप्ट हाताळणारा भाग ते साठवून अंक एकने वाढवितो आणि झोपलेले काम जागे होते. ९६०० बॉड वेगाने एक अक्षर यायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात प्रोसेसर हजारो आज्ञा पार पाडू शकतो.

चाचणीने चुका सापडतात, पण त्या नाहीतच हे सिद्ध होत नाही, असे ते आग्रहाने मांडत. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्यांची भीती किती रास्त होती, हे पुढे 'थेराक-२५' या किरणोपचार यंत्राने दाखवून दिले. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना किरणांची घातक मात्रा मिळाली आणि त्यातील काही दगावले. कळफलकावरून झटपट केलेला बदल एका कामाने नोंदविला, तरी दुसऱ्यापर्यंत तो पोहोचतच नसे, हे त्यामागील एक कारण होते.

१९८४ ते १९९९ या काळात डायक्स्ट्रा यांनी टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. संगणकशास्त्रात हयात घालविलेला हा माणूस आपली टिपणे मात्र फाउंटन पेनाने लिहीत असे. अशी तेराशेहून अधिक टिपणे त्यांनी मागे ठेवली. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या उपकरणांत त्यांचा सेमाफोर आजही पहारा देत आहे.