चित्रकार डॉक्टर कार्टर

चुलीतला निखारा बोटाला लागला, तर आपण हात झटकन मागे घेतो. वेदना कोणालाच आवडत नाही. परंतु तीच आपली राखणदार असते. बोटापासून मेंदूपर्यंत गेलेले मज्जातंतू धोक्याचा निरोप क्षणात पोहोचवितात. हे तंतू निकामी झाले, तर हात भाजला तरी माणसास कळत नाही. कुष्ठरोगात असेच घडते. या रोगात मज्जातंतूंचे काय होते, याचा आपल्या देशात बारकाईने शोध घेणाऱ्यांत डॉक्टर हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे अग्रभागी होते.

कार्टर यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील चित्रकार असल्यामुळे चित्रकलेचा संस्कार त्यांच्यावर घरातच झाला. पुढे त्यांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले. तेथे हेन्री ग्रे यांनी शरीररचनेवर ग्रंथ लिहावयास घेतला व त्यातील चित्रे कार्टर यांनी काढली. हाडे, स्नायू, मज्जातंतू, मेंदू असा प्रत्येक भाग त्यांनी स्पष्ट रेखाटला आणि त्याचे नाव त्या भागावरच लिहिले. विद्यार्थ्यांची मोठी सोय झाली. १८५८ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ जगभर गाजला. कार्टर यांना मात्र एकदाच दीडशे पौंड मिळाले. ग्रे यांच्या सूचनेवरून पहिल्या पानावर त्यांचे नावही लहान अक्षरांत छापले गेले.

त्या अन्यायाविषयी कुढत न बसता त्यांनी आपले आयुष्य कामाला वाहिले. ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वीच ते मुंबईस आले होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शरीरशास्त्र शिकविले. १८६३ साली त्यांची साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून नेमणूक झाली. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, खानापूर हे भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते.

त्या काळी कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानले जाई. रुग्णास घरदार सोडावे लागे. कार्टर यांनी पापपुण्याचा विचार बाजूस ठेवला आणि मज्जातंतूंची तपासणी केली. रोगाने हे तंतू सुजून जाड होतात, असे त्यांना आढळले. ज्या भागाचा तंतू बिघडतो, त्या भागाची संवेदना नाहीशी होते. चट्टा दुखत नाही, म्हणून रुग्ण स्वस्थ राहतो आणि रोग आत वाढत जातो.

आजही डॉक्टर रुग्णास डोळे मिटावयास सांगून चट्ट्यास कापसाच्या टोकाने हळूच स्पर्श करतात आणि स्पर्श कोठे झाला ते विचारतात. कोपरामागील तंतू बोटांनी चाचपून तो जाड झाला आहे काय, हे पाहतात. या तपासणीत रुग्णाचे काहीच बिघडत नाही. डॉक्टर जणू मज्जातंतूलाच त्याची प्रकृती विचारीत असतात. हे एकदा समजले, की तपासणीचे भय उरत नाही.

१८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचे जंतू दिसले. त्याच वर्षी कार्टर नॉर्वेस गेले आणि ते ज्ञान घेऊन परतले. पुढे दुष्काळाच्या काळात मुंबईत पसरलेल्या उलटणाऱ्या तापाचे जंतूही त्यांनी १८७७ साली सूक्ष्मदर्शक यंत्राखाली रक्तात पाहिले. त्या शोधात त्यांना स्वतःलाही तो ताप जडला. तरी त्यांनी काम सोडले नाही. १८८८ साली ते निवृत्त झाले आणि १८९७ साली इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

कुष्ठरोग्यांना निराळे ठेवावे, असे कार्टर यांचे मत होते. त्या वेळी खात्रीचे औषधच नव्हते. १९०० साली डॉक्टर वानलेस यांनी मिरजेस या रुग्णांसाठी आश्रयस्थान उभारले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांच्या एकत्र उपचाराची शिफारस केली. आता वेळीच उपचार घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. रुग्णास घर सोडावे लागत नाही.

म्हणून अंगावर बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये, तपासून घ्यावा. कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत छापले गेले, पण त्यांच्या पारखी नजरेचे ऋण फार मोठे आहे.