एका रात्रीचं काम

बँकेतल्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत रोज सकाळी मला एकच धास्ती असे: लिंक आहे की नाही? लिंक नसली की काउंटरवर पेन्शनरांची रांग खोळंबे आणि सगळे माझ्याकडे बघत. मग दुरुस्तीला आलेला मुलगा काळ्या पडद्यावर एक छोटासा शब्द टाइप करी, पिंग. पलीकडून उत्तराच्या ओळी येऊ लागल्या की माझा जीव भांड्यात पडे. हा शब्द संगणकाच्या दुनियेत ज्यांनी आणला, त्यांचं नाव मात्र मला निवृत्तीनंतर कळलं.

माइक मूस. जन्म १६ ऑक्टोबर १९५८. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात, लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करत. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी संदेशाचा प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो, हे मोजण्याबद्दल सांगितलं होतं. मूस यांना ते आठवलं. संध्याकाळी ते बसले आणि पहाटेपूर्वी सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम चालू झाला. पाणबुडीचं सोनार यंत्र आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. गंमत अशी, की पहिला पिंग सुटण्याआधीच एका सहकाऱ्याने नेटवर्कमधला बिघाड शोधून दुरुस्तही केला होता!

मूस यांनी प्रोग्रॅमवर हक्क सांगितला नाही. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो जगभर गेला. आपली कीर्ती यावरच उभी राहणार हे ठाऊक असतं तर आणखी एखाद-दोन दिवस दिले असते, असं त्यांनी पुढे हसत सांगितलं. २० नोव्हेंबर २००० रोजी मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ४२.

बँकेत बदली झाली की आम्ही चार्ज देत असू. किल्ल्या, रजिस्टरं, शिल्लक, सही. मूस यांना चार्ज देण्याची वेळच आली नाही. पण सोर्स कोड उघडा असल्यामुळे ज्याला जमेल त्याला तो आपणहून घेता आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीतल्या पिंगमध्ये सुरक्षेची एक फट सापडली. परत आलेल्या संदेशाचा मथळा अपेक्षेपेक्षा लांब निघाला, तर तो संगणकाच्या स्मृतीत नेमून दिलेल्या जागेबाहेर सांडे. मूस जाऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती. ज्यांची नावं आपण कधी ऐकणार नाही अशा माणसांनी कोड उघडला, चूक दुरुस्त केली आणि तो पुन्हा सगळ्यांना दिला.

हे वाचताना मला आमच्या शाखेतला जुना लेजरचा प्रोग्रॅम आठवला. तो लिहून देणारी कंपनी बंद पडली आणि सोर्स कोड तिच्याबरोबरच गेला. व्याजात काही पैशांचा फरक येई. तो कुठून येतो ते आम्हाला पाहता येत नव्हतं, म्हणून दर सहामाहीला आम्ही रात्री जागून हाताने दुरुस्त करत असू. चूक आमच्याकडेही होती आणि तिथेही. त्यांच्याकडे चार्ज घ्यायला वाट होती, आमच्याकडे ती बंद होती.

मूस यांचं मोठेपण त्या एका रात्रीत होतं, असं मला आता वाटत नाही. आपल्यानंतर येणाऱ्याला ते काम पुढे नेता येईल असं त्यांनी ते ठेवलं, त्यात ते होतं.