कादंबरीकार फ्रान्सिस्को लुईस गोमिश

कांपालच्या उद्यानातील डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांचा पुतळा गोमंतकीयांच्या परिचयाचा आहे. वैद्य, अर्थशास्त्रज्ञ आणि पोर्तुगीज संसदेतील गोव्याचा प्रतिनिधी या नात्याने त्यांचे स्मरण होते. त्यांच्यातील कादंबरीकार मात्र काहीसा उपेक्षित राहिला.

३१ मे १८२९ रोजी सासष्टीतील नावेली गावी त्यांचा जन्म झाला. पणजीच्या वैद्यकीय विद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी लष्करी इस्पितळात शल्यवैद्य म्हणून काम केले. १८६० साली ते संसदेवर निवडून आले. लिस्बनला पोहोचताच त्यांनी वसाहतींच्या प्रतिनिधित्वाच्या हक्काची बाजू हिरिरीने मांडली. तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस होते.

१८६६ मध्ये लिस्बन येथे त्यांची ‘उश ब्रामानिश’, अर्थात ‘ब्राह्मण’, ही पोर्तुगीज कादंबरी प्रसिद्ध झाली. गोमंतकीय लेखकाची ही पहिली कादंबरी मानली जाते. मराठीतही हा वाङ्मयप्रकार तेव्हा बाल्यावस्थेत होता. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. गोमिश यांचे कथानक घडते त्याच सुमारास, परंतु गोव्यात नव्हे, तर इंग्रजी अमलाखालील फैजाबादेत. मॅग्नोद नावाचा ब्राह्मण एका गोऱ्या मळेवाल्याच्या पदरी असतो. तेथे झालेला अपमान त्याच्या जिव्हारी लागतो आणि सूडाच्या भावनेने तो उठावात ओढला जातो.

शीर्षकातील अनेकवचन अर्थपूर्ण आहे. जन्माने श्रेष्ठत्व मिरवणारा एक वर्ग आणि वर्णाने श्रेष्ठत्व मिरवणारा दुसरा, असे दोन प्रकारचे ब्राह्मण गोमिश यांना दिसले. जातीचा अहंकार आणि राज्यकर्त्यांचा वर्णाभिमान यांना त्यांनी एकाच मापाने मोजले. गोऱ्यांच्या संसदेत बसणाऱ्या हिंदी माणसाने हे लिहावे, यातच त्याचे धैर्य आहे. अर्थात, हे धैर्य इंग्रजी राज्याकडे पाहताना जितके प्रखर होते, तितके पोर्तुगीज सत्तेकडे पाहताना नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी कादंबरी त्यांच्या हातून झाली नाही. प्रकृती ढासळल्यामुळे ते मायभूमीकडे निघाले. परंतु ३० सप्टेंबर १८६९ रोजी प्रवासातच, चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाला जलसमाधी देण्यात आली. नावेलीतील जिल्हा ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे. तेथे वाचावयास येणाऱ्या तरुणाने या एकुलत्या एका कादंबरीचीही चौकशी करावी.