सेन नो रिक्यू : ओबडधोबड वाटीतलं सौंदर्य



मातीकामाच्या तासाला मुलाची वाटी जरा वाकडी झाली, की आपला हात लगेच ती सरळ करायला पुढे होतो ना? मग जपानचे चहागुरू सेन नो रिक्यू यांचं चरित्र जरूर वाचा.

रिक्यू यांचा जन्म १५२२ मध्ये साकाई या बंदरातील एका व्यापारी घरात झाला. ताकेनो जोओ यांच्याकडे ते चहापानाचा विधी शिकले. त्या काळी श्रीमंतांकडे चीनहून आणलेल्या गुळगुळीत, रेखीव भांड्यांना मोठा मान होता. रिक्यूंना मात्र साधेपणा प्रिय. त्यांनी बांबूचा तुकडा कापून त्याची फुलदाणी केली! चहाच्या वाट्यांसाठी त्यांनी चोजिरो या कौलं घडवणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं. चोजिरो चाकाशिवाय, नुसत्या हातांनी वाटी घडवायचा. मग ती तासून भाजायचा. तिची कड थोडी खालीवर असे, रंग काळा किंवा तांबूस, नक्षी अजिबात नाही. पण ती दोन्ही तळहातांत अलगद बसायची. बघा, हा निष्काळजीपणा नव्हता. कुठे थांबायचं हे कळायलाही कसब लागतं.

पुढे रिक्यू जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांचे चहागुरू झाले. हिदेयोशींनी चहासाठी सोन्याने मढवलेली खोली करून घेतली. रिक्यूंची मानली जाणारी 'ताई-आन' ही खोली मात्र दोनच चटयांची, मातीच्या भिंतींची. ती क्योतोजवळ आजही उभी आहे. एकाच दरबारात सौंदर्याच्या अशा दोन कल्पना नांदत होत्या.

अखेर हिदेयोशींची मर्जी फिरली. १५९१ मध्ये त्यांनी रिक्यूंना आत्मबलिदानाची आज्ञा दिली. तेव्हा रिक्यू सत्तरीच्या घरात होते. गुरू गेले, पण त्यांची दृष्टी टिकली. त्यांच्या वंशजांची तीन घराणी आजही चहाविधी शिकवतात. चोजिरोच्या परंपरेतलं राकू घराणंही क्योतोत अजून हातानेच वाट्या घडवतं.

आता पुन्हा वर्गातल्या त्या वाटीकडे या. तिला तडा जातोय का, पाणी गळतंय का, हे मुलाला जरूर दाखवा. तिथे सुधारणा हवीच. पण त्याच्या बोटांचे ठसे मात्र पुसू नका. ती वाटी त्याचीच आहे, हे त्या ठशांवरूनच कळतं.