नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल

पैशाचा लोभी बाप, लग्नास उतावीळ झालेला धनिक म्हातारा आणि दोघांच्या व्यवहारात सापडलेली मुलगी, हा विनोदी नाटकांचा साचा फार प्राचीन आहे. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी रोमन नाटककार प्लॉटस याने सोन्याचा हंडा जपणारा कृपण बाप आणि हुंड्यावाचून त्याची मुलगी मागणारा वयस्क शेजारी रंगवून प्रेक्षकांना पोटभर हसविले. त्या नाटकातील मुलगी मात्र रंगमंचावर येतच नाही. घरातून तिचा आवाज तेवढा ऐकू येतो. मराठी रंगभूमीवर अशाच मुलीला नायिकेचे स्थान दिले ते गोविंद बल्लाळ देवल यांनी.

देवलांचा जन्म १८५५ साली झाला. सांगलीजवळचे हरिपूर हे त्यांचे गाव. बेळगावी शिकत असता त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर हे गुरू लाभले आणि नाटकाची गोडी लागली. पुढे त्यांनी काही काळ अध्यापन केले. नटांकडून कसून तालीम घेणारे शिक्षक म्हणूनही त्यांची ख्याती झाली.

त्यांनी सात नाटके लिहिली. ‘मृच्छकटिक’ शूद्रकावरून, तर ‘झुंजारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतले. पूर्णपणे स्वतंत्र असे एकच, १८९९ चे ‘शारदा’. त्यातील भुजंगनाथ या वृद्ध वराची खोड आणि भद्रेश्वर दीक्षिताची मध्यस्थी पाहून प्रेक्षक हसतो; पण कांचनभट पैशासाठी पोटची मुलगी देऊ लागतो, तेव्हा ते हसू ओठांवरच थिजते. वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघडकीस आणतो आणि भर मांडवात लग्न मोडते. तरीही अर्ध्या विधींनी अडकलेली शारदा जीव द्यावयास निघते. शेवटी कोदंड तिला वाचवितो, आणि शंकराचार्यांच्या अनुज्ञेने त्यांचा विवाह होतो. रोमन नाटकात जो केवळ हास्याचा विषय होता, तो येथे एका मुलीच्या जन्माचा प्रश्न झाला.

मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा कायदा १९२९ साली झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नायिकेच्या नावाशी त्याचे साम्य हा केवळ योगायोग. परंतु त्यापूर्वी तीस वर्षे या नाटकाने घरोघरच्या बापांना विचार करावयास लावले होते.

१९१६ च्या जून महिन्यात देवल निवर्तले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणले. त्यातील फाल्गुनराव आजही प्रेक्षकांना हसवितो. शारदा मात्र हसणाऱ्याला अंतर्मुख करते. मुलीचे मन विचारात घेतल्यावाचून तिचे भवितव्य ठरवू नये, हा तिचा धडा महाकोशलातील आपल्या मराठी घरांनीही जपावा असाच आहे.