सांकवाळचे जोसेफ वाझ

आमचे घराणे पाच पिढ्यांचे बडोदेकर. तरी कुलदैवत गोव्यातील वेलिंगचे लक्ष्मीनृसिंह. लग्नकार्य झाले की नव्या जोडप्याला तेथे घेऊन जाण्याचा घरचा रिवाज. हा देव मूळचा सांकवाळचा. पोर्तुगीज अमलात देवळे पडू लागली तेव्हा, १५६७ साली, भक्तांनी मूर्ती झुवारीपलीकडे आणली, हे वडील दर खेपेस सांगत. ते मूळ गाव पाहावे म्हणून एकदा मी सांकवाळास गेलो. तेथे १८३४ साली जळालेल्या चर्चची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे आणि जवळच जोसेफ वाझ यांचे स्मृतिस्थान. मनात थोडी अढी धरूनच आत शिरलो, हे कबूल करतो.

वाझ यांचे वडील याच गावचे. घराणे धर्मांतरित सारस्वत ब्राह्मणांचे. त्यांचेही पूर्वज कधीकाळी त्याच नृसिंहापुढे हात जोडत असतील! २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावलीस, त्यांचा जन्म झाला. १६७६ साली ते पाद्री झाले. काही वर्षे कानडा प्रांतात काढल्यावर त्यांना सिलोनची ओढ लागली. तेथे डचांनी पोर्तुगिजांना हुसकून १६५८ पर्यंत किनारा घेतला होता आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती. गोव्यात आमच्या पूर्वजांवर जी पाळी आली, तीच तेथे कॅथलिकांवर आली म्हणायची!

१६८७ साली वाझ मजुराच्या वेषात, एका सेवकासह, सिलोनच्या किनाऱ्यावर उतरले. जाफन्यात ते भिकाऱ्याप्रमाणे दारोदार हिंडत. गळ्यात मात्र जपमाळ. ती पाहून ज्याचे डोळे भरून येतील तो आपला, एवढीच ओळख. १६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले, तर पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. कैदेतच त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. त्यांच्या प्रार्थनेने अवर्षणात पाऊस पडला, अशी कथा पुढे झाली. भाविकांनी ती जरूर मानावी. मला स्वतःला १६९७ ची हकिगत अधिक मोठी वाटते.

त्या वर्षी कँडीत देवीची साथ आली. त्या काळी देवीपुढे इलाज कुणाचाच चालत नसे. भयाने सख्ख्या माणसांनी रोग्यांना वाऱ्यावर सोडले. वाझ आणि त्यांचे भाचे पाद्री कार्व्हाल्यो अशा रोग्यांजवळ जाऊन बसले. त्यांच्या फोडांची निगा राखावी, घोटघोट पेज पाजावी, आणि माणूस गेलाच तर आपल्या हातांनी त्याला मूठमाती द्यावी. बौद्ध कोण, ख्रिस्ती कोण, हे त्यांनी विचारले नाही. राजा विमलधर्मसूर्य बौद्ध होता आणि बौद्धच राहिला. पण या पाद्र्याला आपल्या राज्यात मोकळेपणाने फिरण्याची मुभा त्याने दिली. शुश्रूषेपूर्वी हाच माणूस त्याचा कैदी होता, हे ध्यानात घ्यावे.

पुढे बिशपपद देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. १७०५ साली दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस मदतीस आले. त्यांचे सिंहली ग्रंथलेखन हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वाझ यांनी देह ठेवला. गोव्यास ते परत आलेच नाहीत. २०१५ साली कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

गेल्या खेपेस वेलिंगचे दर्शन झाल्यावर नव्या जोडप्याला मी सांकवाळासही नेले. सूनबाईंनी देवीच्या साथीची हकिगत मला दोनदा सांगावयास लावली.